मामांच्या मांडीखालचे पत्ते

आमच्या सासरी पत्ते वर्षातून एकदाच निघतात, पोळ्याच्या करीला. आदल्या दिवशी बैल धुऊन, रंगवून, त्यांचं लग्न लावून, वर पुरणाच्या पोळ्या लाटून सगळ्यांच्या कमरेचा काटा ढिला झालेला असतो. करीला बैलांना सुट्टी आणि माणसांनाही. मग राणीसावरगावच्या आमच्या घरापुढच्या पत्र्याच्या सपरात सतरंजी पडते आणि सासरे आत हाक मारतात, "या बायांनो, तुमीबी या. चूल काय पळून जायली न्हाई." सुनांना बरोबर घेऊन तीन पत्ती खेळणारं दुसरं घर आमच्या गल्लीत नाही. शेजारणी तोंडाला पदर लावून हसतात. हसू देत.

सासऱ्यांना आम्ही दोघी जावा मामा म्हणतो. त्यांची सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून गेली. पत्त्यांचा भारी नाद, पण घरात पैसा लावू देत नाहीत. "पैशाचा पत्ता दिसला तर कॅट चुलीत घालीन," असा दम दरवर्षी सुरुवातीलाच देतात. आम्ही चिंचोके लावतो. दिवस मावळायला ज्याच्यापुढं चिंचोक्यांचा ढीग मोठा, त्याला दुसऱ्या दिवशी मामांच्या हातचा चहा अंथरुणात मिळतो. सुनेला सासऱ्याच्या हातचा चहा! मी तो लय वेळा प्यालेय.

मामांचा आणखी एक कायदा आहे, तो मी दुसऱ्या कुठं बघितला नाही. ज्यानं डाव सोडला, म्हणजे 'पॅक' म्हणाला, त्यानं आपले तीन पत्ते पालथेच मामांकडं द्यायचे. मामा ते आपल्या मांडीखाली सारतात. डाव संपेपर्यंत ते पत्ते कुणी बघायचे नाहीत आणि डाव संपल्यावर न बघताच बाकीच्यांत मिसळायचे. "सोडणाऱ्याची इज्जत ऱ्हायली पायजे," मामा म्हणतात. कुणी चोरून बघायला गेलं तर हातावर फटका बसतो, मग तो नवऱ्याचा हात असो की सुनेचा.

आता माझं सांगते. फुशारकी वाटली तर वाटू द्या, पण समोरच्याच्या हातात भारी पत्ता आला की मला कळतं. मामांच्या हातात काही नसलं की ते चिंचोके खळकन आपटतात आणि ओरडतात, "खेळा की, भिताव कशाला!" भारी पत्ता आला की एकदम गरीब होतात. आवाज खाली येतो. "मी आपला बसलोय तुमच्यासंगं," असं म्हणाले रे म्हणाले की मी पत्ते टाकून मोकळी. सासूबाईंचं, म्हणजे आमच्या आत्याबाईंचं, उलटं. त्यांना तीन सारखे पत्ते आले, ज्याला ट्रेल म्हणतात आणि ज्याच्यापुढं दुसरं काही चालत नाही, तर त्या पत्त्यांना शिव्या द्यायला लागतात. "मेले काय पत्ते यायलेत बाई मला!" तोंडानं असं म्हणतात आणि हातानं पदर सारखा करतात, फोटो काढायला बसल्यासारखा.

माझा नवरा हलका पत्ता चारचारदा उचलून बघतो, जसा काही तेवढ्यात तो बदलणार आहे. भारी पत्ता एकदाच बघतो आणि मग रस्त्याकडं बघत बसतो. आणि धाकटे दीर, माझे भावजी, हातात काही नसलं की अखंड बडबडतात. भारी पत्ता आला की माझ्या नवऱ्याला कधी नव्हे ते मायेनं विचारतात, "दादा, पाणी आणू का?" आता एवढं ढळढळीत दिसत असताना मी काय डोळे मिटून बसू? मामा सगळ्यांना सांगतात की खरं तर ही बाई एसटीत पाहिजे होती, बिनतिकिटाचा एक माणूस सुटला नसता.

राहिली धाकटी जाऊ. तिच्या तोंडावर कधीच काही दिसलं नाही. पत्ते उचलायची, बघायची, मांडीवर ठेवायची. कधी एकदोन चाली खेळून हरायची, तर कधी पत्ते बघितल्या बघितल्या म्हणायची, "पॅक, मामा." मी धरून चालले होते की हिला खेळच कळत नाही. "तुला कधी चांगला पत्ता येतो का गं?" म्हणून मी तिला छेडायचे. ती नुसती हसायची. मग मी तिच्याकडं बघणंच सोडून दिलं. जिला खेळता येत नाही तिच्याकडं काय बघायचं?

एरवी मात्र आम्ही दोघी एका जिवाच्या. दुपारी भांडी झाली की पिठाच्या डब्याला मोबाइल टेकवून आम्ही दोघींनी बँकेच्या क्लार्कचा अभ्यास केला. तिचं लेकरू आत्याबाईंच्या मांडीवर असायचं. वयाच्या अटीमुळं माझी ती शेवटची परीक्षा होती. आम्ही नांदेडला जाऊन एकाच दिवशी पेपर दिले. पहिल्या परीक्षेत दोघी पास झालो. दुसरीत मी पडले. निकाल ज्याचा त्यालाच मोबाइलवर दिसतो, आपला नंबर टाकला की. ती म्हणाली, "माझंबी गेलं, ताई." झालं. त्यानंतर मी तो विषय घरात कुणाला काढू दिला नाही. कुणी बँकेचं नाव काढलं तरी मी उठून जायचे.

तर मागच्या पोळ्याच्या करीची गोष्ट. जेवणं उरकून दुपारी डाव बसला होता. माझ्या हातात त्या डावाला दोन एक्के आले होते, म्हणजे जोडीत सगळ्यांत मोठी जोडी, आणि मी खूश होते. मामा चिंचोके आपटायला लागले होते, म्हणजे त्यांच्याकडं काही नव्हतं. नवरा पत्ते पुन्हा पुन्हा बघत होता. जावेनं आपले पत्ते उचलले, बघितले, पालथे केले आणि मामांकडं सारले. "पॅक, मामा. मी चहा टाकते," म्हणून ती आत गेली. त्या डावात तोवर पत्ते टाकलेली ती एकटीच. मामांनी तिचे तीन पत्ते मांडीखाली घातले.

तेवढ्यात गोठ्याकडून आत्याबाईंची बोंब आली. त्या डावाला न बसता त्या गोऱ्ह्याला पाणी दाखवायला गेल्या होत्या. "आरं सुटला, सुटला! धरा की मेल्यांनो!" रंगवलेल्या शिंगांचा आमचा तापट गोऱ्हा दावं तोडून रस्त्यानं निघाला होता. मामा, नवरा, भावजी, सगळे चप्पल न घालता पळाले. सतरंजीवर मी एकटी. आणि मामा बसले होते तिथं ते तीन पत्ते.

बघायचे नसतात. मला ठाऊक होतं. पण एक तर फटका मारायला कुणी नव्हतं आणि दुसरं म्हणजे, हिला असे काय फालतू पत्ते येतात ते एकदा बघू तरी, असं मला वाटलं. मी उलटे केले. राजा. राजा. राजा.

खोटं नाही सांगत, मी आधी इकडंतिकडं बघितलं की दुसरं कुणाचं काही मिसळलं का. मिसळणार कसं? तीनच पत्ते होते आणि ते तिचेच होते. माझ्या दोन एक्क्यांना ती बसल्या जागी झोपवू शकली असती. आमच्या सगळ्यांचे चिंचोके तिनं ओढून नेले असते. अशी ट्रेल हातात आल्यावर माणसाचे कान लाल होतात, आणि ही बया म्हणते, चहा टाकते!

ते पत्ते घेऊन मी तरातरा आत गेले. ती ओट्यापाशी आलं किसत उभी होती.

"हे काय हाय?"

तिनं पत्ते बघितले आणि आधी दाराकडं बघितलं. "ताई, कामून उलटे केलेत? मामांनी बघितलं तर?"

"चुलीत गेला मामांचा कायदा. तुझेच ना हे?"

"हाव."

"बघून टाकलेस?"

"बघूनच."

"तीन राजे! अगं माय, तुझं डोकं ठिकाणावर हाय का? का तुला अजून ट्रेल काय ती कळंना?"

"कळती की," ती म्हणाली. आवाज साधा. आलं किसायचं काही थांबलं नाही. "पहिल्या पोळ्याला मी जिंकले होते. तुमी माहेरी होता तवा. मामा लय खूश झाले. पण हे दिवसभर माझ्याशी बोलले न्हाईत, बायकोनं सगळ्यांत हरवलं म्हणून. अन् आत्याबाई शेजारी सांगत होत्या, नवी सून लय चालू हाय. मग मी ठरवलं, बसायचं, खेळायचं, पण जिंकायचं न्हाई. सगळ्यांत बसायला भेटतं ना, तेवढं बास."

"अन् तवापासून?"

"हलका पत्ता आला तर एकदोन चाली खेळते अन् हरते. भारी आला की लगेच पॅक. नाहीतर उघडावा लागंल ना."

इतकी वर्षं ती पत्ते बघितल्या बघितल्या 'पॅक' म्हणायची, तेव्हा तेव्हा तिच्या हातात भारी पत्ता होता! तोंडानं सांगत होती बाई आणि मी, मोठी आली माणसं वाचणारी, बाजूला बसून आपला ढीग मोजत होते. मामांचे आपटलेले चिंचोके मला दिसले, नवऱ्याची रस्त्याकडं वळलेली मान दिसली, आणि हातभर अंतरावर बसलेली ही दिसली नाही. मला माझाच राग आला आणि तो मी तिच्यावर काढला.

"आनखी काय काय पॅक केलंस गं बाई? सांगून टाक एकदाच!"

मी हे आपलं तणतणत म्हटलं होतं. उत्तर मागितलं नव्हतं. पण तिचा हात थांबला. चहा वर आला, उतू गेला, गॅस विझला, तरी ती तशीच.

"बँक," ती म्हणाली.

"कुठली बँक?"

"मी पास झाले होते, ताई."

मला आधी कळलंच नाही. मी गॅसचं बटण बंद केलं. मग कळलं.

"तू तर म्हणाली होतीस, गेलं म्हणून."

"खोटं बोलले. नांदेडला कागदं तपासायला बोलावलं होतं, तवा माहेरी जाते म्हणून गेले होते. जागाबी मिळाली, हितल्याच शाखेत. पण आधी नांदेडच्या हापिसात हजर व्हायचं, त्याची उद्या शेवटची तारीख हाय. न्हाई गेले तर जागा जाईल." मग फडकं घेऊन ओटा पुसत म्हणाली, "जाऊ दे. मी सोडूनच दिलंय."

सोडून दिलंय! ज्या नोकरीसाठी आम्ही दुपारची झोप सोडली, ज्या नोकरीपायी मी देवाला काय काय बोलले, ती हिच्या हातात आली होती आणि ही तिला पालथी घालून ओटा पुसत होती. उद्या शेवटची तारीख. आज दुपार होऊन गेलेली. माझ्या डोक्यात तिडीक गेली. कुणासाठी सोडली हे विचारायची मला गरजच वाटली नाही. आत्ताच तर सांगितलं होतं तिनं, नवरा बोलत नाही, सासू शेजारी जाऊन सांगते.

मी सपरात आले. गोऱ्ह्याला धरून मंडळी धापा टाकत परत येत होती. मी सरळ मामांपुढं उभी राहिले.

"लय इज्जतीच्या गोष्टी करता ना मामा? घरातल्या पोरीला बँकेची नोकरी लागली अन् तुमच्या घराला भिऊन ती सोडायली. हे चांगलं हाय का?"

मामांच्या हातात गोऱ्ह्याचं दावं होतं. ते माझ्याकडं बघतच राहिले. "कोणाला नोकरी?"

"तुमच्या धाकट्या सुनेला! उद्या शेवटचा दिवस हाय."

"आरं देवा!" मामा मटकन सपराच्या ओट्यावर बसले. दावं सुटलं ते नवऱ्यानं पटकन पकडलं. "मला कुठं ठाव हाय? मला कोणी सांगितलं का? बँकेत लागली? आपली?"

"तुमी न्हाई तर आत्याबाई," मी त्यांच्याकडं वळले, "तुमीच म्हणला होता ना, सून लय चालू हाय म्हणून?"

आत्याबाई भडकल्या. "आगं ये! एकदा काय ते म्हणले आसंल, जीभ हाय ती. पण तुमी दोघी पुस्तक घेऊन बसायच्या तवा तिचं लेकरू कुणाच्या मांडीवर होतं? माझे पाय मुंग्या येऊन बधिर व्हायचे. ते मी काय नोकरी सोडायसाठी केलं?"

मी भावजींकडं वळले. ते खाली बघत होते. बडबड बंद.

"भावजी, तुमाला मालूम होतं."

"होतं," ते म्हणाले.

"अन् गप बसलाव? बायको पुढं गेली तर नाक कापलं जातं का तुमचं?"

"वैनी, माझ्यावर कामून चिडताव?" त्यांचा आवाज एकदम रडवेला झाला. "मी पाया पडायचाच बाकी ऱ्हायलोय तिच्या. नांदेडला मीच घेऊन गेलो होतो. रोज म्हणतो, जा, जा. तिनं लेकराची शपथ घातली, घरात कुणाला सांगायचं न्हाई म्हणून. कालबी भांडलो आमी."

काल! काल पोळ्याच्या दिवशी त्यांनी माझ्या ताटात दोन पोळ्या जास्तीच्या वाढल्या होत्या आणि मी म्हणाले होते, आज भावजी लय खुशीत दिसतात. मला वाटलं माझ्या डोळ्यांवर कुणीतरी पाणी मारलंय. या घरात आणखी काय काय चाललंय आणि मला दिसत नाही?

"मग कुणासाठी सोडलीस?" मी मागं वळून ओरडले, कारण ती दारात येऊन उभी होती. "मामा न्हाईत, आत्याबाई न्हाईत, नवरा न्हाई. मग कुणाला भ्यालीस तू?"

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग तिनं माझ्याकडं बघितलं.

"तुमाला, ताई."

मी हसलेच. "मला? मी काय केलं तुला?"

"तुमी काय न्हाई केलं." तिचे डोळे भरून आले पण तिनं बोलणं थांबवलं नाही. "निकाल लागला त्या दिवशी तुमी सकाळपासून पाणीबी पिलं न्हवतं. गोठ्यामागं बसला होता. मी सांगायलाच आले होते, पळत आले होते. तुमी विचारलं, तुझं काय झालं? मी तुमचं तोंड बघितलं अन् म्हणलं, माझंबी गेलं. तवा तुमी डोळे पुसलेत. उठलात. म्हणालात, चल गं, भाकर खाऊ. अन् पोटभर जेवलात माझ्यासंगं. मी बघितलं ताई. मग मी कसं सांगू?"

मामा, आत्याबाई, माझा नवरा, सगळे माझ्याकडं बघत होते आणि मला तोंड कुठं लपवावं कळेना. तिला खोटं म्हणावं असं लय वाटलं. म्हणता येईना. तसंच झालं होतं. ती 'गेलं' म्हणाली आणि मला भूक लागली होती. ते मला स्वतःला तरी कुठं कळलं होतं? मला वाटत होतं, तिनं समजूत घातली म्हणून मी सावरले. हिनं माझ्या तोंडावरचं तेवढं एक बघितलं आणि त्याच्यासाठी अख्खी नोकरी दाबून ठेवली.

रडू आलं होतं पण रडायला वेळ नव्हता. मी तिला बाजूला सारून आत गेले, कपाटावरची बॅग ओढली, तिच्यावरची धूळ पदरानंच पुसली आणि तिच्या पलंगावर उघडून ठेवली.

"भर कापडं. कागदं कुठं हायेत तुझी? भावजी, गाडीची सोय बघा. आज मुक्कामालाच जा नांदेडला, सकाळी दार उघडायच्या आधी तिथं उभं ऱ्हायचं."

"लेकराचं मी बघते," आत्याबाई बाहेरून ओरडल्या. मामा कुणाला तरी फोन लावायला लागले होते आणि त्यांना नंबर सापडत नव्हता.

ती पलंगापाशी उभी होती. बॅगेला हात लावेना.

"ताई," ती हळूच म्हणाली, "मी रोज सकाळी डबा घेऊन बँकेत जाईन. तुमी दारात असाल. तुमाला वाईट वाटणार न्हाई?"

'न्हाई' हा शब्द अगदी जिभेवर आला होता माझ्या. पण ती माझ्या तोंडाकडं बघत होती, आणि आता मला माहीत होतं की ती कशी बघते.

"वाटंल," मी म्हणाले. "लय वाटंल. एखाद्या दिवशी तुझ्याशी बोलणारबी न्हाई मी. तरी तू जायचं."

तिनं क्षणभर माझ्याकडं बघितलं, आणि मग खाली बसून साड्या घडी घालायला घेतल्या.